राणी मेलेल्या मुंगळ्यांच्या वसाहतीत नवी राणी सोडावी का?

प्रश्न वेंगुर्ल्याच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा आहे. गेल्या पावसाळ्यात सापडलेल्या राणीपासून तिने घरी काचेच्या नळीत काळ्या मुंगळ्यांची वसाहत वाढवली. एप्रिलअखेर राणी मेली. मागे पन्नासेक मुंगळे, काही कोष आणि थोड्या अळ्या उरल्या. आता मिरगाच्या पहिल्या सरीनंतर खळ्यातल्या दिव्याखाली तिला दोन राण्या मिळाल्या, एकीचे पंख गळलेले, दुसरीचे अजून अंगावर. तिचे मामा सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. ते म्हणतात, राणीला जाळीच्या पिंजऱ्यात घालून आत ठेव, दोन-तीन दिवसांत मुंगळे तिला आपली मानतील, माश्या मानतात तशा. तर सोडावी का आत?

सोडू नकोस. पिंजऱ्यातूनही नको. उरलेल्या मुंगळ्यांचा या नव्या राणीला उपयोग करून देता येतो, पण त्यासाठी त्यांची गाठ घालायची गरज नाही. राणी मुंगळ्यांकडे न्यायची नाही, मुंगळ्यांकडचे कोष राणीकडे न्यायचे. आणि ते याच आठवड्यात करायला हवं. का ते सांगतो.

मुंगळ्यांची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आपल्याकडच्या उबेत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. राणी एप्रिलअखेर गेली, म्हणजे आज नळीत दिसणारे कोष बहुतेक तिच्याच शेवटच्या अंड्यांतले. त्यातून कामकरी मुंग्या निघतील. आणखी काही आठवड्यांनी दिसणाऱ्या कोषांचा असा भरवसा देता येणार नाही. राणी गेली की कामकरी मुंग्यांपैकी काही स्वतः अंडी घालू लागतात. त्यांचा नराशी संबंध आलेला नसतो, आणि मुंग्यांमध्ये फळ न धरलेल्या अंड्यातून सहसा फक्त नर निघतो. तेव्हा आज तुझ्या नळीत बारीक अंडी किंवा अगदी लहान अळ्या दिसत असतील तर त्यांच्यावर आशा ठेवू नकोस, ते नर आहेत. कोष मात्र सोनं आहे, आणि ते सोनं दोन-तीन आठवड्यांत संपणार आहे.

आता मामांच्या सल्ल्याबद्दल. मधमाश्यांच्या बाबतीत ते बरोबर बोलतात. राणी पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवायची, जाळीतून माश्या तिला चाटतात, चारतात, तिचा गंध पेटीभर फिरतो आणि मग ती मोकळी केली तरी चालते. पण मामांना एक विचार. राणी नसलेली सातेरीची पेटी थोडे दिवस तशीच राहिली तर काय होतं? कामकरी माश्या अंडी घालू लागतात, पेटीत नुसते नर वाढतात आणि अशी पेटी बाहेरची राणी घ्यायला फार कुरकुर करते. मामांना हे ठाऊक असेल. तुझ्या मुंगळ्यांना राणीविना सहा आठवडे झालेत, म्हणजे आज ते त्याच अवस्थेत असण्याची शक्यता मोठी.

शिवाय माश्या आणि मुंगळे यांच्यात एक मूळ फरक आहे. पेटीत लहान अळी असली तर माश्या तिलाच रॉयल जेली चारून नवी राणी करतात. ती बाहेर उडून नरांशी मीलन करते आणि परत त्याच पेटीत येते. राणी बदलणं हा माश्यांच्या घरातला नेहमीचा व्यवहार आहे. मुंगळ्यांची तरुण राणी घरातून उडते ती परत येत नाही. मीलन होतं, पंख गळतात, ती जमिनीत किंवा लाकडात एकटी शिरते आणि स्वतःचं घर नव्याने मांडते. वसाहतीची राणी एकच, ती मेली की ती वसाहत संपते. बाहेरून आलेली राणी आपली मानायची सवय मुंगळ्यांना लागावी अशी वेळच निसर्गात त्यांच्यावर सहसा येत नाही.

त्यांना ती परकी आहे हे कळतं कसं? गंधावरून. प्रत्येक मुंगीच्या अंगावर मेणचट पातळ थर असतो, त्यात हायड्रोकार्बन जातीची अनेक द्रव्यं असतात. एकमेकींना चाटून आणि तोंडातून तोंडात अन्न देऊन मुंग्या ही द्रव्यं सतत मिसळत असतात, त्यामुळे अख्ख्या वसाहतीला एक सामाईक गंध येतो. समोरच्या मुंगीला मिशा लावल्या की क्षणात निवाडा होतो. तुझ्या मुंगळ्यांच्या अंगावर अजून मेलेल्या राणीच्या घराचा गंध आहे. जाळीच्या पलीकडे ठेवलेली नवी राणी त्यांना रोज दिसेल, ते रोज जाळी चावतील. कधीकधी काही दिवसांनी चावणं थांबतं आणि आपल्याला वाटतं, जमलं. जाळी काढल्यावर राणीचे पाय ताणून धरलेले दिसतात. मुंग्यांच्या बाबतीत जाळीने हल्ला पुढे ढकलला जातो, टळत नाही, असं माझं मत आहे, आणि मुंगळ्यांसाठी मी ती कुणालाच सुचवत नाही.

गंध जन्माला येताना पक्का नसतो, आपली सगळी आशा इथे आहे. कोषातून नुकतीच निघालेली मुंगी फिकट, मऊ, जवळजवळ बिनवासाची असते. जिच्या सहवासात ती पहिले काही दिवस घालवते तिचा गंध ती आपला म्हणून शिकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अॅडेल फील्ड यांनी निरनिराळ्या जातींच्या अशा कोवळ्या मुंग्या एकत्र ठेवल्या होत्या. मोठेपणी ज्या एकमेकींचे तुकडे करतील त्या एकाच घरच्यासारख्या राहिल्या. तुझे कोष तर एकाच जातीचे आहेत. ते नव्या राणीजवळ फुटले तर निघालेल्या मुंग्यांना ती सावत्र वाटणार नाही, तिच्याशिवाय दुसरी राणी त्यांनी पाहिलेलीच नसेल.

झाडावर पानांचं घरटं करणाऱ्या ओंबिलींवर, म्हणजे तुमच्याकडे ज्यांना हुमले म्हणतात त्यांच्यावर, डेन्मार्कचे जोआकिम ऑफेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका असा प्रयोग केला आहे. नव्या राण्यांना परक्या वसाहतीतले कोष दिले, तर वसाहत लवकर वाढली आणि राण्यांनी अंडीही जास्त घातली. त्यांना हे हवं होतं ते बागायतीसाठी. ओंबिली काजूवरच्या ढेकण्या या किडीला खातात, म्हणून त्यांच्या वसाहती वाढवून झाडांवर सोडायच्या. वेंगुर्ल्याच्या मुलीला काजू आणि ढेकण्या हे नातं समजावून सांगायला नको.

कोष हलवण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या आहेत. पहिली, जुनी राणी का मेली. पकडल्यावर वर्षभरही न जगलेली राणी म्हातारी होऊन मेलेली नाही, मुंगळ्यांची राणी नीट सांभाळली तर कित्येक वर्षं जगते. कोकणातल्या घरांत मला सर्वांत आधी संशय येतो तो डासांवरच्या औषधांचा. कॉइल, मशीनमधलं लिक्विड, स्प्रे, या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात आणि मुंगी हा कीटकच आहे. मुंग्यांचा खडू ओढलेल्या कपाटात नळी ठेवणं हाही तोच प्रकार. खाऊ म्हणून दिलेलं झुरळ औषध मारलेल्या स्वयंपाकघरातलं असलं तरी विष आत जातं. यातलं काहीही घरात चालू असेल तर ती खोली बदल, नाहीतर नवी राणीही जाईल. दुसरा संशय उन्हाळ्याचा: कौलाखालच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत बंद नळी भाजून निघते.

दुसरी गोष्ट, ही राणी त्याच जातीची आहे का. पहिल्या पावसात दिव्याला काय काय येतं ते तू पाहिलंच आहेस. वाळवीचे पंखवाले किडे त्यात सर्वांत जास्त. त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड, तर मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक. राणीची पाठ फुगीर असते, पंख गळले तरी तिथे व्रण दिसतात. याउलट मोठ्या डोक्याचा, सपाट पाठीचा मुंगळा कितीही दांडगा असला तरी राणी नव्हे. असे ‘राणी’ म्हणून जपलेले शिपाई मी पुष्कळांकडे पाहिलेत. आपल्याकडचा नेहमीचा मोठा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्याच कुळातल्या आणखीही जाती कोकणात आहेत, उदाहरणार्थ पोटावर सोनेरी लव असलेला सेरिसियस. रंगाने मिळतीजुळती पण आकाराने वेगळी वाटली तर जुन्या राणीचा फोटो असल्यास शेजारी ठेवून बघ. जात वेगळी निघाली तर कोष देऊ नकोस. कोवळ्या मुंग्या कदाचित राहतीलही, पण पुढे त्या घरात काय होईल याचा अंदाज कुणीच बांधू शकत नाही.

जात ओळखण्याचा आणखी एक उपयोग आहे. ‘माझी कॉलनी राणीविना आहे’ असं सांगणाऱ्या काहींच्या वसाहतीला राणी मुळात नसतेच. डायाकॅमा या मुंग्यांमध्ये राणी हा प्रकारच नाही, एक कामकरीच मीलन करून अंडी घालते. पश्चिम घाटातल्या उडी मारणाऱ्या हार्पेग्नाथोस सॉल्टेटर या मुंगीची तर गंमत आहे. राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींवर फटके मारत दिवसेंदिवस झुंजतात आणि जिंकणाऱ्या काहीजणी अंडी घालू लागतात. तसं होताना त्यांच्या मेंदूचा आकार घटतो, आणि त्यांना पुन्हा साधं कामकरी केलं तर तो परत वाढतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. घरातल्या बारीक पिवळसर फेरो मुंग्यांना बाहेर उडायचीही गरज नसते. घरट्यात अळ्या असतील तर त्या स्वतःच नव्या राण्या आणि नर वाढवतात, मीलन आतच होतं. अशा अनेक राण्यांच्या जातींत परकी राणी सोडणं बरंच सोपं आहे. पण त्या पाळू नयेत, त्या तुझ्या नळीतून निघून आईच्या साखरेच्या डब्यात संसार मांडतील.

तिसरी गोष्ट, राणी फळलेली आहे का. पंख गळलेले असणं हे चांगलं लक्षण आहे, पुरावा नव्हे. मीलन न झालेल्या राण्याही कधी पंख टाकतात आणि अंडीही घालतात. त्यातून अर्थात नर निघतात. पूर्ण खात्री पहिली कामकरी मुंगी दिसल्यावरच होते, पण तोवर थांबलीस तर तुझे कोष जुन्या घरात फुटून जातील. म्हणून मी मधला मार्ग धरतो. पंख गळलेल्या राणीला वेगळ्या नळीत अंधारात ठेव. तिने पहिली अंडी घातलेली दिसली की थोडे कोष दे, सगळे नको. पंख असलेलीला दुसऱ्या नळीत ठेव आणि कोष देऊ नकोस. ती पुढे पंख टाकून अंड्यांवर बसली तर ती राखीव. दोघींना एका नळीत मात्र कधीही ठेवू नकोस. मुंगळ्यांच्या घरात शेवटी एकच राणी राहते आणि त्या भांडणात दोन्हीही जाऊ शकतात.

नळी नेहमीचीच: एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मधे राणीची जागा, तोंडाला सैल कापूस. आपल्याकडे पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, त्यामुळे आतला बोळा ठिबकत असेल तर बुरशी धरते. बोळा ओलसर हवा, ओला नको. नळी काळ्या कागदात गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेव. फ्रिजवर, मिक्सरजवळ किंवा दाणकन आपटणाऱ्या दाराशेजारी नको, मुंग्यांना थरथर पायांतून कळते.

कोष हलवण्याचं काम सकाळी हवा थंड असताना कर. मुंगळ्यांची नळी काही मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव. फ्रीजरमध्ये अजिबात नाही. मुंगळे सुस्तावले की सगळं एका उथळ पांढऱ्या ताटात काढ. ताटाच्या काठाला आतून नारळाच्या तेलाचं बोट फिरव. एरवी लोक टाल्कम पावडर लावतात, पण पावसाळ्यात ती दमट होऊन सुटते. मुंगळ्यांचे कोष म्हणजे ती फिकट पिवळी, गव्हापेक्षा मोठी लांबट ‘अंडी’. एका टोकाला काळा ठिपका असतो, ती आतल्या अळीने कोष विणल्यावर बाहेर टाकलेली घाण आहे. जे कोष बाकीच्यांपेक्षा गडद दिसतात ते लवकर फुटणार, तेच आधी निवड. रंगकामाचा बारीक ओला ब्रश वापर, चिमट्याने कोष दबतो. एखादी मुंगी कोषाला चिकटून राहील, तिला ब्रशने सोडव. तिच्यासकट कोष नळीत गेला तर सगळा बेत फसला.

सुरुवातीला पाच-सहा कोष पुरे. ते राणीच्या अंगावर टाकू नकोस, नळीच्या तोंडाशी ठेव आणि कापूस लाव. ती स्वतः येऊन मिशा लावील आणि बहुतेक वेळा रात्रीतून एकेक ओढून आपल्या अंड्यांजवळ नेईल. दुसऱ्या दिवशी मंद उजेडात एकदाच बघ. कोष ढिगात गेलेले असले तर काम झालं. एखादा कोष तिने फोडून खाल्ला तर घाबरू नकोस. बंद नळीत उपाशी बसलेली राणी आहे ती. उडण्याचे स्नायू जिरवून ती पहिल्या पिलांना वाढवते, मधेच एखादा कोष तिच्या पोटात गेला तर उलट बरंच. सगळेच कोष तोंडाशी तसेच पडून राहिले तर दोन दिवसांनी काढून परत मुंगळ्यांकडे दे. ते त्यांची काळजी घेतील, आणि चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न करता येईल.

मुंगळ्याची मुंगी कोषातून एकटी सहसा नीट निघू शकत नाही, कुणीतरी कोष फाडून मदत करावी लागते. राणी ते करते. निघालेली मुंगी दोन-तीन दिवस दुधट रंगाची, पाय सावरत चालणारी असते. ती गडद झाल्यावर तोंडाच्या कापसाशी अॅल्युमिनियमच्या फॉइलच्या तुकड्यावर गुळाच्या पाण्याचा किंवा मधाचा अगदी छोटा थेंब ठेव. मोठा थेंब ठेवलास तर मुंगी त्यात बुडते. नंतर झुरळाचा किंवा नाकतोड्याचा पाय, ताजा मारलेला, औषध न लागलेला. सुकट देणार असशील तर आधी धुऊन मीठ काढ. या मुंग्या राणीच्या अंड्यांची आणि अळ्यांची देखभाल करू लागल्या की पुढचे कोष दिलेस तरी चालतात, आणि त्या मोठ्या संख्येनेही पेलतात.

इथे तुझ्या पन्नास मुंगळ्यांचा खरा उपयोग सुरू होतो. कोष आणि मोठ्या अळ्या यांच्याबद्दल मुंग्या फार उदार असतात, परक्या घरातल्या असल्या तरी आपल्याच जातीच्या असतील तर सहसा सांभाळतात. त्यामुळे तुझ्याकडच्या राणीच्या वेळच्या उरलेल्या अळ्या त्यांच्याकडेच वाढू दे. त्यांना भरपूर खाऊ घाल, विशेषतः किडे. अळ्यांनी कोष केले की ते काढून राणीकडे. मुंगळ्यांची मेहनत अशी राणीच्या घरात पोहोचते आणि त्यांची तिची भेट मात्र कधीच होत नाही. बाहेरून कोष आणायचा मोह होईल. माडांची आळी खणताना मुळाशी मुंगळ्यांचं घर उघडं पडतं, तेव्हा कोष इकडेतिकडे सांडलेले दिसतात. त्यातले चार उचललेस तर कुणाचं बिघडत नाही. पण त्यासाठी मुद्दाम घर फोडू नकोस. ओंबिलींचं पानांचं घरटं तर तोडूच नकोस, राणी त्या झाडावरच्या कुठल्या एका घरट्यात असते ते बाहेरून कळत नाही आणि घरी आलेल्या त्या चिडक्या टोळीला परकी राणी देणं म्हणजे तिला मारायला देणं.

आता, हे सगळं ऐकूनही मोठे मुंगळेच राणीला द्यायचे आहेत असं समज. एक प्रसंग असा येतो जेव्हा मीही विचार करतो: कोष अजिबात नाहीत, राणीने अंडी घातली आहेत पण ती खंगत चालली आहे. तेव्हा सगळी वसाहत न देता दोन-तीन मुंगळे द्यायचे. ही युक्ती जुनी आहे. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन लबक एकोणिसाव्या शतकात घरी काचांमध्ये मुंग्या पाळत. त्यांना दिसलं की थेट घरट्यात टाकलेली परकी राणी मारली जाते, पण आधी थोड्या मुंग्यांबरोबर ठेवून, त्या रुळल्यावर हळूहळू बाकीच्या आणल्या तर काही वेळा ती स्वीकारली जाते. काही वेळा, हे लक्षात ठेव.

तर मुंगळे निवडताना सर्वांत कोवळे, फिकट, लहान डोक्याचे निवड. मोठ्या डोक्याचा शिपाई एकही नको, त्याचे जबडे राणीची मान तोडतात. भरपूर गूळपाणी पाजून त्यांचं पोट भरू दे, मग फ्रिजमध्ये पाय हलेनासे होईपर्यंत गार कर आणि राणीच्या नळीत सोड. राणीला त्यांच्या घरात न्यायचं नाही. अनोळखी जागी मुंगी आधी वाट शोधते, भांडण नंतर. आणि मग समोर बसून राहा. मिशा लावणं, थांबणं, पुन्हा लावणं, राणीला चाटणं किंवा तिच्या अंड्यांजवळ जाऊन बसणं ही चांगली लक्षणं. जबडे उघडे ठेवून मागे-पुढे होणं हा इशारा. पाय किंवा मिशी धरून ओढणं किंवा पोट पायांखालून पुढे वाकवणं दिसलं की त्याच क्षणी मुंगळा बाहेर. मुंगळ्याला नांगी नसते, तो पोटाच्या टोकातून फॉर्मिक अॅसिड फवारतो, आणि अरुंद नळीत त्या वाफेने फवारणारा, राणी आणि अंडी सगळेच मरू शकतात. म्हणून तोंडाला घट्ट रबरी बूच कधीच लावू नकोस.

पहिला दिवस शांत गेला तरी निर्धास्त होऊ नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राणी मेलेली सापडण्याचे प्रकार होतात. आठवडाभर सगळं नीट चाललं आणि राणीने त्यांच्यासमोर नवी अंडी घातली, तरच पुढचे दोन द्यावेत. राणीला पाण्यात बुडवून, मधात माखून किंवा मेलेल्या राणीला घासून आत सोडायच्या युक्त्या लोक सांगतात. माखलेला मध मुंगळे चाटून टाकतात, त्यानंतर तिथे परकी राणीच असते. मेलेल्या राणीच्या गंधाबद्दल मात्र एक खरी गोष्ट आहे. 1983 मध्ये बर्ट हॉलडॉब्लर आणि एडवर्ड विल्सन यांनी ओंबिलींवर दाखवलं की मेलेल्या राणीचं शव वसाहतीत राहिलं तर कामकरी मुंग्या बराच काळ स्वतः नराची अंडी घालायला धजत नाहीत. त्यामुळे तू एप्रिलमध्ये राणीचं शव लगेच काढलंस की मुंगळे ते चाटत बसले होते, हे आठवून बघ. शव बरेच दिवस आत असेल तर नरांच्या अंड्यांची सुरुवात उशिरा झाली असू शकते आणि आजच्या कोषांबद्दल आपला हिशोब आणखी पक्का होतो.

जपानमध्ये पॉलिरेकिस कुळातल्या एका मुंगीची राणी आहे, ती मुंगळ्यांच्याच एका भाऊबंद जातीच्या घरात शिरते. शिरण्याआधी बाहेर भेटलेल्या मुंगळ्यावर चढून स्वतःचं अंग घासते, त्याचा गंध उचलते आणि मग आत जाऊन घर बळकावते. पुढल्या लाखो वर्षांत तुझ्या राणीचे वंशज कदाचित हे शिकतील, पण खळ्यातल्या दिव्याखाली सापडलेल्या हिच्याकडे ती कला नाही.

शेवटी उरतात मुंगळे. कोष संपल्यावर त्यांना बाहेर सोडून देण्यात अर्थ नाही, पहिल्याच परक्या घराच्या वाटेवर ते मारले जातील. नळीतच ठेव, गूळपाणी आणि अधूनमधून किडा देत राहा. मोठ्या जातीच्या कामकरी मुंग्या कित्येक महिने जगतात, काही वर्षाच्याही पुढे. घरातल्या बारीक लाल मुंग्या दुबळ्या वसाहतीवर चालून येतात, तेव्हा नळ्या ठेवलेल्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, आजीच्या दुधाच्या कपाटाचे ठेवत तसे, आणि वाट्यांत पाणी आहे ना ते पावसाळ्यातही बघत जा. श्रावणाच्या सुमारास त्या जुन्या नळीत पंखवाल्या मुंग्या निघालेल्या दिसतील. लहान डोक्याच्या, किडकिडीत अंगाच्या, राणीपेक्षा पुष्कळ लहान. ते नर. त्यांना नव्या राण्या समजून कुणाच्या नळीत घालू नकोस आणि पंख असलेल्या राणीबरोबर ठेवून मीलन होईल अशीही वाट बघू नकोस. मुंगळ्यांचं मीलन उडतानाच होतं, नळीत ते घडवून आणणं घरच्या पाळणाऱ्याच्या हातचं काम नव्हे.